डॉक्टर – हार

आमच्या रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत ओपीडीच्या हॉलमध्ये सहा तसबिरी होत्या. पाच फोटो आणि एक तैलचित्र. फोटो देणगीदारांचे, सगळे केव्हाच गेलेले, आणि प्रत्येकाला चंदनाच्या चकत्यांचा हार. सहावं चित्र आमच्या मोठ्या डॉक्टरांचं. त्याला हार नव्हता. डॉक्टर जाऊन अकरा वर्षं झाली होती.

हार नाही म्हणजे माणूस जिवंत, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पेठ, सुरगाणा, नांदगावकडून आलेले पेशंट बाकांवर तासभर बसत, समोरच्या भिंतीकडे बघत, आणि नंबर आला की खिडकीशी येऊन विचारत, "ते मोठे डॉक्टर आज हायेत का?" खिडकीवर बसणारी मुलगी दोन वर्षांपूर्वी लागलेली. ती सरळ सांगायची, "आज नाहीत." एकदा सटाण्याकडची एक म्हातारी माझ्या टेबलाशी आली आणि चित्राकडे बोट करून म्हणाली, "डाक्टर शे का आज?" मी नाही म्हटलं. ती थांबते म्हणाली आणि दीड वाजेपर्यंत थांबली. मी दोनदा उठून तिच्यापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा पाणी हवंय का एवढंच विचारून परत आले.

कार्यालय माझ्याकडे आहे. औषधांच्या ऑर्डरी, ड्यूट्या, चादरी, समारंभ, सगळं यादीने चालतं आणि यादी मी करते. डॉक्टर मला यादीबाई म्हणायचे. "काय यादीबाई, आज आमचं नाव आहे का कुठल्या यादीत?" राउंडला निघताना रोज हेच. मी म्हणायची, "आहे. साडेदहाचा चहा, तोही बिनसाखरेचा." आणि ते दुःखी चेहरा करून पुढे जायचे.

चित्र काढायचं ठरलं तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. पन्नासेक वर्षं त्यांनी आमच्याकडे फिजिशियन म्हणून काम केलं होतं. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी निदानासाठी त्यांना फोन करावा आणि त्यांनी फोनवर सांगावं, "पेशंटला आधी बोलू द्या, मग मला फोन करा," असा त्यांचा लौकिक. स्वतः पेशंट तपासताना ते 'काय होतंय?' असं कधी विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवायचा, एक शब्द म्हणायचा, "बोला," आणि गप्प बसायचं. पेशंट खोकला सांगायचा, ताप सांगायचा. डॉक्टर गप्पच. मग दोन मिनिटांनी खरं काय ते बाहेर यायचं. ते मला म्हणाले होते, "पहिलं सांगतात ते आत येण्याचं तिकीट असतं. आजार नंतर येतो."

चित्रकार म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे सर. चार रविवार सकाळी ते स्टँड घेऊन आले. डॉक्टर काही केल्या स्थिर बसेनात. फोन घेतला, मध्येच वॉर्डात चक्कर मारली. तिसऱ्या रविवारी सर वैतागले आणि मला म्हणाले, "तुम्ही यांच्यासमोर खुर्ची टाकून बसा. काहीतरी बोलत राहा. कुणी बोलायला लागलं की हे हलत नाहीत." मी बसले. काय बोलायचं सुचेना, म्हणून लाँड्रीवाल्याची तक्रार सांगितली. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ऐकत राहिले. सरांना हवं ते मिळालं. चित्रात चष्मा कपाळावर आहे, ओठ जरासे उघडलेले आहेत आणि नजर समोर, खुर्चीत बसलेल्या माणसावर. त्या खुर्चीत मी होते.

चित्राच्या अनावरणाच्या दिवशीच डॉक्टरांचा सत्कारही होता. त्याची यादी मी नेहमीसारखी कार्बन घालून दोन प्रतींत केली. एक माझ्याकडे, एक शिपाईमामांकडे. मामा माझ्याहून पंधरासोळा वर्षांनी मोठे, हॉल त्यांच्याच ताब्यात. खुर्च्या, पडदा, माईक, तसबिरी पुसणे, सगळं लिहिलं. खाली: पाहुणे – शाल, श्रीफळ, गुच्छ. अध्यक्ष – गुच्छ. डॉक्टर – हार.

आता मामांच्या बाजूने बघा. हॉलमधल्या फोटोंच्या पुण्यतिथ्या असत, आणि त्या दिवसांच्या यादीत मीच लिहीत असे: शेठजी – हार. आजीबाई – हार. म्हणजे शेठजींच्या फोटोला, आजीबाईंच्या फोटोला. हार बदलायचा, फोटो पुसायचा. मामा वर्षानुवर्षं ते न चुकता करत आले होते. आमच्या दोघांच्या भाषेत 'हार'पुढे नाव आलं की ते तसबिरीचं नाव असायचं. ही भाषा मीच रुळवली होती आणि त्या दिवशी मीच विसरले. मला म्हणायचं होतं, डॉक्टरांच्या गळ्यात घालायला फुलांचा हार.

पाहुण्यांनी दोरी ओढली. लाल पडदा खाली आला. वर डॉक्टर, चष्मा कपाळावर, आणि गळ्याशी नवाकोरा चंदनाचा हार.

हॉलमध्ये दोनशे माणसं होती आणि फक्त पंख्यांचा आवाज येत होता. पहिल्या रांगेत बसलेले डॉक्टर वर बघत होते. मग ते म्हणाले, "अहो, मला आधी कळवायचं तरी!"

हॉलमध्ये हशा फुटला. लोक डोळे पुसून हसले. पाहुणेही हसले. मामांनी स्टूल लावून हार काढला आणि कार्यक्रम पुढे गेला. तो संपल्यावर अध्यक्षांनी मामांना जिन्यापाशी गाठलं. "एवढी अक्कल नसावी? जिवंत माणसाला?"  मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या अक्षरातली यादी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती, घडी वरून दिसत होती. मी मागे वळले आणि परत द्यायच्या खुर्च्या मोजायला लागले.

संध्याकाळी मामा माझ्याकडे आले. हार वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "हे जमा करून घ्या, मॅडम." मी घेतला आणि कपाटाच्या तिसऱ्या फळीवर ठेवला. माझ्याकडे सगळ्या वर्षांच्या याद्या आहेत. त्या दिवशीची नाही. माझी प्रत मी फाडून टाकली.

सत्कारानंतर एकोणिसाव्या दिवशी सकाळी चहा घेताना डॉक्टर गेले.

शोकसभेत कुणी उघड बोललं नाही. पण फार्मसीत, लॅबमध्ये, कॅन्टीनला त्या आठवड्यात एकच विषय होता. जिवंतपणी हार घातला आणि बघा. मामा आत आले की बोलणं थांबायचं. अध्यक्षांनी मला सांगितलं, "त्या चित्राला सध्या काही घालू नका." त्या सध्याला अकरा वर्षं झाली. पुढच्या प्रत्येक पुण्यतिथीला मी पाच नावं लिहायची, सहाव्यापाशी पेन थांबायचं.

मामांनी महिन्याभरात ड्यूटी बदलून मागितली. हॉलऐवजी स्टोअर. मी सही केली. मग लक्षात आलं की ते मुख्य दरवाजानेही येत नाहीत. लॅबच्या बाजूला एक अरुंद दार आहे, सॅम्पलच्या पेट्यांसाठीचं. तिथून येत, तिथूनच जात. रिटायर झाल्यावर दर महिन्याला बीपीच्या गोळ्या घ्यायला येत, तेही त्याच दाराने. हॉलमधून चार पावलांचं काम, पण ते इमारतीला वळसा घालून यायचे. पुढे गुडघे दुखायला लागले तरी वळसा चुकला नाही. माझ्या खिडकीतून तो वळसा दिसतो.

कपाटाचं सांगायचं तर चंदनाचा वास जातो असं म्हणतात. गेला नाही. मस्टरला तो वास, रजेच्या अर्जांना तो वास. एकदा ऑडिटरने फाईल नाकाशी धरून विचारलं, "तुमच्याकडे देवघर आहे का आत?" आणि सकाळी पावणेनऊला हॉल रिकामा असताना तिथून जायचं म्हणजे ती नजर. चित्रातले डोळे आपल्याबरोबर फिरतात असं बायका म्हणायच्या. मला ते फिरताना कधी दिसले नाहीत. माझ्यासाठी त्यांनी फिरायची गरजच नव्हती. उघडे ओठ, कपाळावर चष्मा. बोला. मी रोज लाँड्रीचं, पाण्याच्या टाकीचं, ड्यूटीचं मनात घोळवत झपझप निघून जायची. सगळी तिकिटंच.

या वर्षी रुग्णालय पाथर्डी फाट्याच्या बाजूला नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. सामानाची यादी झाली, प्रत्येक वस्तूला नंबर लागला. शेवटी जुने केसपेपर राहिले. कुठले ठेवायचे, कुठले नष्ट करायचे हे बघायला मी रेकॉर्डरूममध्ये तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी एका गठ्ठ्यात डॉक्टरांच्या अक्षरातला केसपेपर हाती आला. पेशंटच्या नावापुढे त्यांचंच नाव. तपासणारे: स्वतः. ईसीजीची पट्टी पिनने लावलेली. खाली, सल्ला: विश्रांती, अँजिओग्राफी. त्याच्याखाली वेगळ्या शाईत एकच शब्द: नंतर.

तारीख सत्काराच्या दोन महिने आधीची.

इथे तपासला त्याचा केसपेपर झालाच पाहिजे, हा नियम त्यांचाच. त्यांनी तो स्वतःलाही लावला होता आणि पेपर गठ्ठ्यात टाकून दिला होता. मी जमिनीवर बसूनच तो पुन्हा वाचला. आधी मला सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. मग मामांचा वळसा आठवला.

त्याच आठवड्यात नव्या विश्वस्त बाई हॉल बघायला आल्या. वयाने तरुण, कामाला चटपटीत. "मॅडम, नव्या हॉलमध्ये सगळ्या फोटोंना एकसारखे हार घ्या. आणि हे सर अजून व्हिजिटला येतात का?"

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे रिटायर?"

"वारले."

"मग यांना का नाही?" त्यांनी साधंच विचारलं होतं. "यांनाही लिहा."

मी वही उघडली आणि लिहिता आलं नाही.

रविवारी दुपारी नाशिकरोडला मामांच्या कॉलनीत गेले. मामा दारातल्या खुर्चीत पाय लांब करून बसले होते, आत फळीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी धुतलेली भांडी उपडी घातलेली. मला बघून ते उठायला लागले.

"मॅडम? तुम्ही? दवाखाना हलवायला मानसं कमी पडली का काय?"

"बसा हो मामा. गुडघा कसा आहे?"

"हाय की जाग्यावर." त्यांनी सुनेला हाक मारली. "अगं, मॅडम आल्यात, चहा टाक. आमच्या साहेब व्हत्या ह्या. लय कडक."

मी पिशवी मांडीवर ठेवली होती. चहा येईपर्यंत वास त्यांच्यापर्यंत पोचला असावा. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"ते कशाला आणलं?"

मी वाटेत वाक्यं ठरवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "मामा, त्या दिवशी यादीत मी लिहिलं होतं. डॉक्टर, हार. तुमची चूक नव्हती. माझी होती. आणि अध्यक्षसाहेब तुम्हाला बोलले तेव्हा मी गप्प बसले."

"मला म्हाईत हाय," मामा म्हणाले. "मला वाचता येतं, मॅडम."

सून चहा ठेवून आत गेली. मी कप उचलला नाही.

"मग तुम्ही का नाही बोललात? यादी तुमच्याकडे होती."

"काय बोलू? हार तर मीच आणला ना. तुम्ही हार लिवलं व्हतं. चंदनाचा नव्हतं लिवलं. चंदनाचा मी आणला." त्यांनी गुडघा चोळला. "फुलांचा घाटाजवळून आणला की दुपारपातूर माना टाकतो. म्हटलं नवं चित्र हाय, डॉक्टरांचं हाय, टिकंल असा आणू. लय हौसेनं आणला व्हता." मग पाय जवळ घेत म्हणाले, "आमच्यात असलं शकुनबिकुन नाय मानत. मी बी नाय मानत. पन त्या दारापाशी आलं की पाय उचलत नाय. काय करू?"

मी केसपेपर काढला. रेकॉर्ड बाहेर न्यायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, हा नियम मी दरवर्षी नव्या स्टाफला सांगते. मी तो मामांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा शोधला, सावकाश वाचलं. मग ईसीजीच्या रेघेवरून नख फिरवत गेले, शेवटपर्यंत.

"हे सत्काराच्या आधीचं?"

"दोन महिने आधीचं."

"आनि लिवलं कोनी?"

"त्यांनीच."

बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. मामांनी कागद घडीवर घडी ठेवून मला परत दिला.

"म्हंजे आपल्याला सगळ्यांना हसवलं, तेव्हा त्यांना म्हाईत व्हतं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तारीख मी वाचली होती, महिने मोजले होते, पण ते वाक्य आणि ही तारीख मी शेजारी ठेवली नव्हती. मला आधी कळवायचं तरी. दोनशे माणसं हसत होती आणि ते वर बघत होते.

"मामा, म्हणजे हाराचा काही संबंध नव्हता."

"व्हय." त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही तेव्हा बोलल्या असत्या, तरी डॉक्टर गेलेच असते. पन मी म्होरच्या दारानं गेलो असतो."

  चहा गार झाला होता, तो मी प्यायले. निघताना म्हटलं, चित्र पुढच्या शनिवारी लावायचंय, जड आहे, नवीन पोरांना फ्रेमच्या मागची कडी समजणार नाही.

"कडी वाकडी हाय ती," मामा म्हणाले. "डावीकडं जरा जास्त वढावी लागती. शिडी धड असंल तर येतो."

ते आले. नवी इमारत, सगळीकडे रंगाचा वास. मामांनी खाली उभं राहून सूचना दिल्या, दोघा कामगारांनी चित्र टांगलं, दोनदा उतरवून पुन्हा सरळ केलं. कामगार गेल्यावर मी पिशवीतून हार काढला आणि मामांच्या पुढे केला. ते मागे सरकले.

"नाय. ते तुमच्या यादीत हाय. तुम्ही घाला. शिडी धरतो मी."

मी चपला काढल्या आणि चढले. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यासमोर मी त्या उंचीवर कधी आले नव्हते. जवळून तिथे काहीच नव्हतं. ओठ म्हणजे तपकिरी रंगाचा एक फटकारा, मध्ये काळी रेघ. डोळ्यांत पांढऱ्याचे दोन ठिपके, वाळून तडकलेले. मी हार अडकवला, चकत्या सारख्या केल्या आणि उतरले. पाच पायऱ्या. जमिनीवर पाय टेकवून वर पाहिलं तर ते ओठ परत उघडलेले, परत माझ्याकडे. मी डावीकडे झाले, मग उजवीकडे. मामा बघत होते.

"बोललात ना आता?" ते म्हणाले. "मग बास."

पण ते चित्र तसंच आहे. हार घालून त्याचं काही मिटलं नाही.

नव्या ओपीडीचा पहिला दिवस सोमवार. साडेनऊला बाक भरले. दहाच्या सुमारास पेठकडचा एक म्हातारा, डोक्याला पांढरी टोपी, भिंतीसमोर उभा राहिला तो तसाच उभा राहिला. मग त्याने टोपी काढली आणि मला, समोरून जात होते म्हणून, विचारलं, "कधी गेले?"

"अकरा वर्षं झाली, बाबा."

"काय सांगता! गेल्या दिवाळीत तर व्हते की. मी पाहिलं ना जुन्या दवाखान्यात. आज नाहीत, म्हणली ती पोरगी."

खिडकीवरची मुलगी मान खाली घालून पावत्या लावायला लागली. त्याच्यामागून दोन बाया आल्या, त्यांनीही वर पाहिलं, एकीने पदर तोंडाला लावला. तासाभरात तेच तीनदा, चारदा. हार दिसला आणि मोठे डॉक्टर त्या सकाळी गेले. मी शोकसभा एकदा केली होती, यादी करून. ही दुसरी माझ्या कुठल्याच यादीत नव्हती.

म्हातारा अजून उभाच होता. "काय झालं व्हतं हो त्यांना?"

मी तोंड उघडलं. 

"हार्ट," मागून आवाज आला. मामा नुकतेच येऊन पहिल्या बाकावर बसले होते, मांडीवर बीपीच्या गोळ्यांची रिकामी डबी. मुख्य दरवाजाचं काचेचं दार त्यांच्यामागे अजून हलत होतं. "आधीपासून व्हता तरास. त्यांचं त्यांना म्हाईत व्हतं."

म्हाताऱ्याने मान हलवली. मामांनी सरकून त्याला बाकावर जागा केली.